धाकटीचा चेहरा

रफूवाल्या दोघी बहिणी जुळ्या, आणि आगाऊपणात एकीला झाकावं अन् दुसरीला काढावं. लहानपणी थोरलीऐवजी सुई टोचून घ्यायला धाकटी पुढे व्हायची, धाकटीच्या तोंडी परीक्षेला थोरली. थोरलीचं लग्न झालं, मुलगा झाला, नवरा गेला. धाकटी बिनलग्नाचीच राहिली. मग दोघींनी भाड्याच्या खोलीत खिडकीपाशी सुया मांडल्या. कोटाला भोक कुठे होतं ते मालकालाही सापडू नये, असा हात.

एक कंपनी लांबलांबचे कपडे पार्सलने पाठवू लागली, तेव्हा फोनवर खातं उघडायचं ठरलं. थोरलीच्या नावाने, अर्थात, मान तिचा. फोन म्हणाला, चेहरा दाखवा. नेमकी थोरलीच्या डोळ्यावर भलीमोठी रांजणवाडी.

"तू बस गं, सुंदरी," ती म्हणाली. "तुझं थोबाड ते माझंच."

धाकटी बसली. मान डावीकडे, मान उजवीकडे, डोळ्यांची उघडझाप. यंत्र खूश. दोघी दिवसभर खिदळत होत्या.

पुढे थोरली गेली, चार दिवसांच्या तापात. मुलाने रीतसर मृत्यूचा दाखला पाठवून तिचं खातं बंद केलं. महिन्याभराने धाकटी स्वतःच्या नावाने खातं उघडायला बसली. मान डावीकडे, मान उजवीकडे. 'ही व्यक्ती मयत आहे.'

कंपनीला कारागीर आणि खातेदार एकच हवा, म्हणून भाच्याचं खातं चालेना. त्याने सात अर्ज केले. सातही उत्तरं पंधरा सेकंदांत आली, वाचतंय कोण? शेवटी मदतकेंद्रातली एक पोरगी फोनवर सापडली. "एकच उपाय आहे, सर. दाखला चुकून दिला, खातेदार हयात आहेत, असं मुलाने लिहून द्यायचं. मग जुनं खातं परत उघडेल."

भाच्याने फोन ठेवला. "लिहितो, मावशी. तुझ्या पोटाचा प्रश्न आहे."

"त्या कागदाला हात तर लावून बघ!" धाकटी कडाडली. "तिला शेवटचं न्हाऊ मी घातलंय रे. ती आहे, असं कुठल्या तोंडाने सांगू?"

"मग खाशील काय?"

"आसपासचे लोक देतील काम, रोखीत."

"आसपासचे रफू करून घेतात कुठे? नवीन घेतात."

ते तिलाही ठाऊक होतं. तिने कंपनीचे कपडे परत बांधायला घेतले. एका कोटाच्या कोपरापाशी थोरलीच्या हातची वीण अर्धी भरली होती. ती तिने उसवली नाही. धागा दाताने तोडला आणि कोट तसाच घडी करून पार्सलात ठेवला.