बिनकुलपाचं गाव

गावात नवा माणूस आला की देवरेसर त्याला आधी स्वतःच्या घरी नेत, पेटी उघडून दाखवत आणि म्हणत, "लागेल ते घे. फक्त सांगून घे." हे गाव संगणकावरच्या एका खेळातलं. आम्ही वीसेक नाशिककर आपापल्या घरी बसून ते वीट वीट रचत होतो. खेळ चालवणारा संगणक सरांच्या द्वारका चौकाजवळच्या घरात होता.

अशा खेळांत एरवी प्रत्येक पेटीला कुलूप असतं, कोणी काय तोडलं याची आपोआप नोंद होते. सरांनी दोन्ही बंद ठेवलं होतं. "कुलूप लावलं की शेजारी चोर दिसायला लागतो," म्हणायचे.

मला ते पटत नव्हतं. चार महिने खपून मी तिथे वाचनालय बांधलं होतं. एका सकाळी बघतो तर छप्पर जळालेलं. आदल्या दिवशी तिकडे मला फक्त कपिल दिसला होता. टायरच्या दुकानात काम करणारा. मी तडक सरांकडे गेलो.

"त्याला काढून टाका, सर. आणि आता तरी नियम करा."

"त्याला विचारलंस?"

"त्यात विचारायचं काय?"

"म्हणजे नाही विचारलंस. चल, बस गाडीवर."

कपिल हात पुसत दुकानाबाहेर आला. "सर, शेकोटी केली होती हो, शोभेला. आग पसरते हे कुठं माहीत मला? बांधून देतो ना." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुम्हीच का वाचनालयवाले? मला वाटलं, कुणी म्हातारे असतील."

परतताना मी म्हणालो, "खोटं बोलत असला तर?"

"असेल. पण आता ते निभवायला त्याला छप्पर बांधावं लागेल."

तीन आठवडे खपून कपिलने ते बांधलं. दगडी, जरासं वाकडं.

सर भोळे नव्हते. एकाने मुद्दाम अर्धं गाव पाडलं. सरांनी फोन केला तर तो हसला. त्याच दिवशी सरांनी त्याला काढलं. "फसलो," म्हणाले. "पण एकापायी वीस जणांना कुलपं? नाही जमायचं."

या उन्हाळ्यात सर गेले. काकूंनी संगणक माझ्या हवाली केला. महिन्याभरात निरोप सुरू झाले: सर होते तोवर ठीक, आता कुलपं लावा. कपिलनेही फोन केला. "दादा, सरांचं ऐकायचे लोक. तुमचं कोण ऐकणार?"

बरोबर होतं त्याचं. अनोळखी माणसासमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. चार दिवस मी संगणकावर, कुठल्या पेटीला कुलूप लावायचं त्या यादीसमोर बसून राहिलो. सर प्रत्येकाच्या दारात जाऊन विचारत, एवढंच त्यांचं बळ होतं. पाचव्या दिवशी मी सगळ्यांना कळवलं, कुलपं लागणार नाहीत.

"आणि कुणी काही उचललं तर?" कपिलने विचारलं.

"मी जाऊन विचारेन."

"तुम्ही?"

"हो, मी."

पुढच्याच आठवड्यात कपिलची पेटी रिकामी झाली. त्या दिवशी गावात एकच नवा माणूस आला होता, सातपूरचा. रविवारी मी पत्ता शोधत त्याच्या इमारतीत गेलो. तीन मजले चढेपर्यंत दोनदा थांबलो. बेल दाबली.