तिसऱ्या सिलिंडरचा ठसका

गाडीचा आवाज नेमका कसा येतो, यावर आमच्या घरात एकमत नव्हतं. पप्पांच्या मते "फट्, फट्, फटाक" असा. आप्पांच्या मते, म्हणजे पप्पांच्या मोठ्या भावांच्या मते, फटाक नव्हतंच. आधी घरघर आणि मग म्हाताऱ्या माणसाला चहा चुकीच्या नळीत गेल्यावर लागतो तसा ठसका. आई म्हणाली, आवाज कसाही असू दे, पण तुम्ही दोघं ओट्यावर बसून तो काढू नका, रस्त्यानं लोक जातात.

दौंडहून मामांनी फोन केला. "दाजी, फोन इंजिनापाशी धरा, मला ऐकू द्या." पप्पांनी व्हिडिओ कॉल लावून मोबाइल बॉनेटखाली धरला. कॅमेऱ्यावर त्यांचा अंगठा होता. मामा बराच वेळ तो अंगठा बघत होते आणि गंभीर होते.

"एअर फिल्टर," ते शेवटी म्हणाले.

मामा रेल्वेत आहेत. दौंडला रेल्वेत असणं म्हणजे इंजिनाचं कळणं, असं आमच्याकडे सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात मामा रजेचे अर्ज बघतात. पण त्यांच्या खिडकीतून इंजिनं दिसतात, आणि इतकी वर्षं एखादी गोष्ट खिडकीतून दिसली की माणसाला तिच्याबद्दल मत देण्याचा हक्क येतो.

एअर फिल्टर बदलला. गाडीला तो आवडला असावा, पण ठसका राहिला. मग मामा म्हणाले पेट्रोल खराब आहे, दुसऱ्या पंपावर भरा. पंप बदलला. मग बॅटरी बदलली. प्रत्येक वेळी पप्पा चावी फिरवायचे, सगळे श्वास रोखायचे, इंजिन अर्धा मिनिट गुणी पोरासारखं वागायचं आणि मग सगळ्या गाडीला हिसका द्यायचं. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा डोळा मारल्यासारखा लुकलुकायचा.

ही गाडी दसऱ्याच्या आधी घेतलेली, सेकंडहँड, पांढरी. घेतली सगळ्यांसाठी, पण चालवत होते मी. मी रांजणगावच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या ऑफिसात काम करते. गाडी नसते तेव्हा कंपनीच्या बसनं जाते आणि बसमध्ये माझ्या शेजारी नेहमी एकच काकू बसतात. काकू वाईट नाहीत. त्या फक्त विचारतात. जेवण काय आणलं, कुणी केलं, पगार वाढला का, स्थळ आलं का, आलं तर का नाही म्हणाले, मी का बोलत नाही, इंग्लिश मिडीयमच्या पोरी अशाच असतात का. रांजणगाव येईपर्यंत माझी मान हो-नाही करून दुखायला लागते.

घरीही शांतता म्हणून एक खोली नाही. गाडीत होती. शिरूर ते रांजणगाव मला कुणी काही विचारत नसे, मला उत्तर द्यावं लागत नसे. संध्याकाळी दारात गाडी लावल्यावरही मी काच वर करून जरा वेळ तशीच बसायचे. घरच्यांना वाटायचं, पोरीला हँडब्रेक सापडत नाही. एकदा आप्पा काठी घेऊन खिडकीपाशी आले आणि काचेवर टकटक करून हँडब्रेक दाखवून गेले. मी मान डोलावली. खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

त्यामुळे पप्पा जेव्हा म्हणाले, "गाडी काढून टाकू, भांडगावचा एक माणूस रविवारी न्यायला येतोय," तेव्हा मला आधी बसमधल्या काकू आठवल्या. बाहेरून मी फक्त "बरं" म्हणाले.

शुक्रवारी पप्पा मला आणि गाडीला घेऊन शिरूरच्या एका गॅरेजात गेले. तिथल्या माणसानं स्टीअरिंगखाली वायर जोडली, हातातल्या यंत्राकडे बघितलं आणि म्हणाला, "तिसरं सिलिंडर मिसफायर दावतंय. म्हंजी त्यात पेट्रोल नीट पेटंना."

"मग काय बदलायचं?" पप्पांनी विचारलं.

"ते अजून कळलं न्हाई. कुठलं दुखतंय ते मशीन सांगतं, का दुखतंय ते न्हाई सांगत. कॉइल असंल, प्लग असंल, इंजेक्टर असंल. ठेवा सोमवारपर्यंत, खोलून बघतो."

सोमवार म्हणजे रविवारनंतर. पप्पांनी तिथूनच मामांना फोन केला. मामांनी "तिसरं" एवढं ऐकलं आणि म्हणाले, "एक गेलं म्हंजी बाकीची लायनीत उभी. चारी कॉइल बदलू. मी उद्या घिऊनच येतो." आम्ही गाडी घेऊन घरी परतलो.

माझं ऑफिसातलं काम ग्राहकांनी परत पाठवलेल्या मालाचं. माल परत आला की साहेब आधी विचारतात, बिघाड का झाला. नुसतं "नवीन पाठवला" असं लिहिलं की ते चष्मा काढून बघतात. मला ते चष्मा काढणं फार लागतं, म्हणून असेल, पण आवाज सुरू झाल्यापासून मी काही गोष्टी बघून ठेवल्या होत्या. गाडी थंड असताना ठसका जास्त. तापली की कमी. सलग रोज चालवली की कमी. दोन दिवस उभी राहिली की पुन्हा सुरुवातीपासून. फिल्टर आणि पेट्रोल याला कसं लागू पडत होतं ते मला कळत नव्हतं, पण मला कुणी विचारलं नव्हतं आणि मी आपण होऊन बोलत नाही.

शनिवारी मामा चार कॉइलींचा खोका काखेत मारून आले. पप्पा म्हणाले, "पाव्हणं, हे शेवटचं हां. यानं न्हाई झालं तर उद्या गाडी भांडगावला."

"दाजी, यानं न्हाई झालं तर माझं नाव बदला," मामा म्हणाले आणि जेवायला बसले. पुरणपोळी होती. त्यामुळे जेवणानंतर ते आडवे झाले, पप्पा आडवे झाले, आप्पा तर आधीपासूनच आडवे होते.

मी पाना घेऊन अंगणात गेले. मला फक्त एक गोष्ट करायची होती. प्रत्येक सिलिंडरला एक कॉइल असते, ती खालच्या प्लगला ठिणगीसाठी वीज देते. तिसरी कॉइल काढून दुसऱ्याच्या जागी लावायची आणि दुसरी तिसऱ्याच्या. ठसका कॉइलीबरोबर दुसरीकडे गेला तर दोष कॉइलीचा. तिसऱ्यालाच राहिला तर कॉइल निर्दोष, पुढचं बघायचं. यात काही विकत आणावं लागत नाही, हे मामांना पटण्यासारखं नव्हतं.

बॉनेट उचललं आणि हात तसाच वर राहिला.

मुंग्या होत्या. लाल, बारीक. कुंपणाच्या भिंतीवरून खाली, पुढच्या चाकावरून वर, तिथून वायरच्या जुडग्यावरून इंजिनावर. रांग अगदी शिस्तीत होती. ती पहिल्या सिलिंडरला वळसा घालून, दुसऱ्याकडे न बघता, तिसऱ्या कॉइलीच्या फाटलेल्या रबराखाली नाहीशी होत होती. यंत्रानं जे सांगितलं तेच मुंग्यांनी सांगितलं, फक्त मुंग्यांना कारणही माहीत होतं.

मी बोल्ट काढून कॉइल वर ओढली. ती चिकटली होती. निघाली तेव्हा तिच्या लांब रबरी पायाला मुंग्याच मुंग्या, आणि खाली प्लगच्या खड्ड्यात काहीतरी ओलसर, तपकिरी, पाकासारखं. रबरावर वरून खालपर्यंत करपल्याची एक बारीक रेघ. म्हणजे ठिणगी आत सिलिंडरमध्ये पडायच्या ऐवजी या चिकट वाटेनं बाहेरच्या बाहेर पळत होती. इंजिन तापलं की पाक सुकायचा, गाडी उभी राहिली की पुन्हा ओल धरायचा. नवीन कॉइल घातली असती तर तीही याच पाकात बसली असती आणि चार दिवसांनी ठसकली असती.

पाक कुठून आला, हे मला त्याच क्षणी कळलं. आणि कळल्याबरोबर मी ती कॉइल परत आत घालून बॉनेट लावून टाकावं की काय, असा विचार केला.

खंडेनवमीला आप्पांनी गाडीची पूजा केली होती. ट्रॅक्टरच्या पूजेत ते नारळ पुढच्या लोखंडी हुकावर फोडतात. तसा ते गाडीला फोडायला गेले तर पप्पा ओरडले, "आप्पा, बंपर प्लास्टिकचा हाय!" आप्पांनी काठीनं गाडी सगळीकडून वाजवून बघितली. "बाहेरून कुठंच लोखंड न्हाई व्हय रं? मग ही गाडी उभी कशावर हाय?" शेवटी त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, इंजिनाचा एक जाड कान शोधला आणि त्यावर नारळ हाणला. एका फटक्यात दोन भकलं. पाणी सगळं इंजिनावर. सगळ्यांनी कौतुक केलं, कारण एक थेंबसुद्धा जमिनीवर सांडला नव्हता.

हे मी कसं सांगणार होते? आप्पा घरातले सगळ्यात मोठे. पूजा त्यांनी केलेली. आणि मी घरात दिवसाकाठी जेवढं बोलते तेवढं आप्पा काठीशी बोलतात.

"काय गं, हातात काय?" मामा उठून बाहेर आले होते. मागून पप्पा.

मी कॉइल पुढे केली.

"मुंग्या!" मामांनी दोन पावलं मागं घेतली. मग त्यांच्या चेहऱ्यावर रेल्वे आली. "दाजी, साखर. कुणीतरी टाकीत साखर टाकलीय."

"कोण टाकंल?"

"ते तुम्हीच बघा. कुणाशी वाकडं हाय तुमचं?"

पप्पांनी समोर बघितलं. समोर शेवंतीवाल्यांचं घर. त्यांचा टेम्पो आमच्या फाटकापुढे उभा असतो, त्यावरून दिवाळीपासून बोलणं बंद.

"काय झालं?" आप्पा काठी टेकत आले. मामांनी साखर सांगितली, टाकी सांगितली, टेम्पो सांगितला. आप्पांनी सगळं ऐकलं आणि ते पायात चपला घालायला लागले. डावी घातली.

आई दारातून म्हणाली, "अहो आप्पा, आधी विचारा तरी."

"तेच विचाराय चाललोय," आप्पा म्हणाले आणि उजवी घातली. काठी सरळ धरली. ते विचारायची काठी तशी धरत नाहीत.

आता मी गप्प बसले असते तर गाडी उद्या भांडगावला, आणि त्याआधी आप्पा आज पोलीस चौकीत.

"आप्पा," मी म्हणाले. आवाज इतका बारीक आला की मामांनी मुंग्यांकडे बघितलं. "नारळाचं पाणी."

"आं?"

"नारळाचं पाणी आहे ते. पूजेचं. रबर फाटलंय, तिथून आत गेलंय. टाकीत साखर नाही."

पप्पा आभाळात काहीतरी शोधायला लागले. आईनं पदर तोंडाला लावला, ते काळजीनं की हसू दाबायला हे मला अजून माहीत नाही.

आप्पा फाटकापासून परत आले. माझ्या हातातून कॉइल घेतली, फुंकर मारून मुंग्या उडवल्या, रबरावरून बोट फिरवलं आणि बोट चाटलं.

"अहो आप्पा, इंजिनाचं हाय ते!" पप्पा किंचाळले.

आप्पांनी डोळे मिटले. जीभ टाळूला लावली. एवढा विचार ते आंब्याच्या बागेचा सौदा ठरवतानासुद्धा करत नाहीत.

"गोड हाय," ते म्हणाले.

"साखर पण गोडच असती की," मामा म्हणाले.

"पाव्हणं, साखरंला खोबऱ्याचा वास येतो का? घ्या, बघा." त्यांनी कॉइल मामांच्या तोंडापुढे धरली. मामांनी नको म्हटलं. आप्पांनी हात खाली घेतला नाही. शेवटी मामांनीही बोट लावलं आणि रेल्वेचं मत दिलं, "नारळच हाय."

मी आप्पांच्या चेहऱ्याकडे बघत होते. आता ते चिडणार, की खजील होणार, यातलं कुठलं जास्त वाईट ते मी ठरवत होते. आप्पा वळले आणि समोरच्या घराकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "नारळ मी निवडला व्हता! आजून गोड हाय बघा!"

शेवंतीवाले गच्चीवर वाळवण काढत होते. काही न कळून त्यांनी हात वर केला. आप्पांनीही केला. दिवाळीनंतरचं ते पहिलं बोलणं.

पुढचं काम सोपं होतं. खड्डा फडक्यानं टिपला, क्लीनर मारून पुसला. मग आईची एक्स्टेंशन केबल खिडकीतून अंगणात आली आणि माझा हेअर ड्रायर इंजिनावर चालू झाला. ड्रायर आप्पांनी धरला. त्यांना तो फार आवडला. मधूनमधून ते स्वतःच्या मिशांनाही वारा देत होते. कॉइलीचा रबरी पाय नंतर नवीन घ्यावा लागला, पण त्या दिवशी घासून पुसून जुनाच बसवला. मामांचा खोका न उघडता तसाच राहिला. मामा त्यावर हात ठेवून बसले होते, आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखे.

चावी फिरवली. ठसका नाही. अर्धा मिनिट. एक मिनिट. पिवळा दिवा गप्प.

"गार हाय म्हणून," मामा म्हणाले.

"गार असतानाच जास्त यायचा, मामा," मी म्हणाले.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी लगेच वायपर तपासल्यासारखं केलं.

"लांब नेल्याबिगर खात्री न्हाई," पप्पा म्हणाले. "पाव्हण्यास्नी दौंडला सोडू. वाटंत एक जरी हिसका बसला तरी उद्या देऊन टाकायची."

म्हणून आम्ही सगळे निघालो. मी चालवत होते. आप्पा पुढे, काठी गुडघ्यांत. मागे पप्पा, आई, मामा आणि खोका. न्हावऱ्यापर्यंत कुणी एक शब्द बोललं नाही. सगळे ऐकत होते. आई एकदा "ऊस किती..." एवढंच म्हणाली तर आप्पांनी हात वर केला. मामांना खोकला आला, तो त्यांनी रुमालात गिळला. इनामगावच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी रांगत होती, पहिल्या गिअरमध्ये, आणि आत इतकी शांतता होती की मला मागच्या तिघांचे श्वास वेगवेगळे ओळखू येत होते.

आमच्या घरातली एवढी माणसं एका जागी एवढा वेळ गप्प बसलेली मी आयुष्यात पाहिली नव्हती. मी मुद्दाम सावकाश चालवली.

मग पप्पांचा मोबाइल वाजला. भांडगावचा माणूस. पप्पांनी आप्पांच्या मानेकडे बघत कुजबुजत सांगितलं, "गाडीचं जरा थांबा."

"काय? आवाज येत न्हाई. मोठ्यानं बोला."

"थांबा म्हटलं." आणखी हळू.

"हॅलो? उद्या किती वाजता येऊ?"

आप्पांनी मागं वळून डोळे मोठे केले. पप्पांनी गांगरून मोबाइल स्पीकरवर टाकला आणि दोन सीटांमधून माझ्याकडे पुढे केला. मी गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच ठेवलं, कारण ते बंद करायची परवानगी मिळाली नसती.

"काका," मी म्हणाले, "येऊ नका. गाडी द्यायची नाही."

"का हो ताई? काय प्रॉब्लेम हाय का गाडीत?"

"नाही. मला लागते."

"बरं बरं," तो म्हणाला आणि फोन ठेवला. एवढंच. मला वाटलं होतं, जास्त विचारेल.

पप्पांनी मोबाइल खिशात घातला. मग ते मागं टेकून बसले.

"झालं न्हवं बोलून?" आप्पा म्हणाले. "मग चला. दौंडला जाऊस्तवर ऐकायचंय."