आमचा संघ बाद झाला, सर

बारापात्रे सर गेल्याचं मला कळलं ते कामठीच्या बसमध्ये, सहा दिवस उशिरा. नंदनवन वस्तीतल्या मूकबधिर शाळेच्या शिपायानं सांगितलं आणि त्याच दमात म्हणाला, "लेझीमही बंद होऊन राहिली आता. कमिटी म्हणते, मेणबत्त्या शिकवा." माणूस गेल्याचं दुःख करायचं की भांडायला उठायचं... मी पुढच्याच थांब्यावर उतरलो.

भांडण तसं सरांशीही होतंच. दर शनिवारी ते त्या शाळेत लेझीम शिकवत, बाकीची धावपळ मी करी. ऐकू न येणाऱ्यांना लेझीम कशाला, असं कुणी विचारलं की त्याला चपला काढायला लावून वर्गातल्या लाकडी फळ्यांच्या जमिनीवर उभं करत. ढोल त्याच फळ्यांना टेकवलेला. ठोका पडला की तळपायातून गुडघ्यापर्यंत चढायचा. पोरं तो पायांनी ऐकत. हे मला लगेच पटलं. पटत नव्हता तो सरांचा एकच हट्ट : आंतरशालेय स्पर्धेत स्पर्धक म्हणून नाव. तिथं आमच्या पोरांना दरवर्षी बक्षीस समारंभानंतर 'विशेष कार्यक्रम' म्हणून नाचवत आणि प्रत्येकाच्या हातावर केळं ठेवत. मी सायक्लोस्टाइल पत्रक काढलं, 'केळी नकोत, हक्क हवा!' सर भडकले. "काहून छापलं गा हे? आता ते आणखी गोड बोलतीन. मले फॉर्म पाहिजे, फॉर्म!" चार वर्षं अर्ज करून गेल्या हिवाळ्यात तो मिळाला.

आणि स्पर्धेच्या दिवशी आयोजकांनी कौतुकानं घोळ घातला. बिचाऱ्यांच्या पायाला खिळा लागू नये म्हणून मंचावर जाड सतरंज्या अंथरल्या, एकावर एक! ढोल वाजला, पण पोरांच्या पायांपर्यंत काहीच पोचेना. पुढच्या ओळीतली तेरा वर्षांची शांता सरांकडे वळून बघू लागली. ओळ मोडली. लोक तरी टाळ्या वाजवतच होते, त्याचा मला जास्त संताप आला. सरांनी ढोल थांबवला, पोरांकडून सतरंज्या गुंडाळून घेतल्या आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी एक पाऊल चुकलं नाही. परीक्षकांनी संघ बाद केला. मध्ये थांबलं की बाद, असा नियम.

मी परीक्षकांच्या टेबलाकडे धावलो तर सरांनी माझी बाही धरली. "खाली बस."

"सर, चूक त्यांची आहे!"

"हाय ना. पण नियम आपल्याले लागला गा! आजवर कोणी लावला होता?"

आणि हा माणूस चक्क हसत होता. महिनाभर मी शाळेकडे फिरकलो नाही. तक्रार करायलाच हवी होती, हे मी आजही म्हणतो. पण सूचनाफलकावर लागलेल्या बाद संघांच्या यादीत शाळेचं नाव त्यांनी एकेका पोराला बोट ठेवून दाखवलं, हेही खरं.

शोकसभेत कमिटीचे अध्यक्ष 'मुक्यांचा देवदूत' म्हणाले. मग म्हणाले, सरांच्या स्मरणार्थ यंदा विशेष कार्यक्रमच ठेवू, स्पर्धा नको. मी उठून म्हटलं, फॉर्म भरायचा.

"शिकवणार कोण?"

"मी," म्हणून बसलो. ताल कशाशी खातात, मला ठाऊक नाही.

गेले तीन शनिवार मी ढोल बडवतोय. माझा ठोका जरा घसरला की शांता पाय आपटून सगळ्यांना थांबवते. टिपरी माझ्या हातातून काढून घेते, कशी धरायची ते दाखवून परत देते आणि बोटानं खुणावते : पहिल्यापासून. सरांचीच खोड...

काल अकरा वेळा.