विलासरावांच्या इंजिनाचा ठसका

आमचे जावई विमानातून पडून मेले नाहीत. हे आधी लिही.

मले अक्षर येत नाही. मी सांगून राह्यली, नात टाइप करून राह्यली. ती म्हणते, आजी, सुरुवात जरा शांत कर.
तुह्या बापाबद्दल गाव बोलते ते शांत आहे काय?

त्यायले जाऊन आज वर्ष झालं.

विलासरावांचं आर्णीले मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. कापसानं मान टाकली त्या वर्षांत लोक जळलेला पंपही दुरुस्तीले आणत नव्हते. रिकामा माणूस पत्ते खेळते. आमच्या जावयानं घरामागच्या शेडमधी विमान बनवायले घेतलं.

लाकूड, ॲल्युमिनियम, कापड. इंजिन भंगारातल्या एका विदेशी कारचं. त्यात पिस्टन नाही, तिकोनी रोटर आतल्या आत गोल फिरते.

आमच्यात सासू जावयाशी समोरासमोर बोलत नाही. पदर घेते अन् दुसऱ्या कोणाले तरी सांगते. लेक, सुनंदा, घरी नसली की मी म्हशीले सांगत होती.

"म्हशे, ज्याले घरचा नळ बसवता येत नाही, तो आभाळात काय बसवणार?"

विलासराव हातातला पाना खाली न ठेवता म्हणत, "म्हशे, मामीले सांग, पहिली फेरी त्यायचीच."

"त्यायले सांग, मले अजून नातीचं लग्न पाहायचं आहे."

विमान झालं. इंजिनही सुरू झालं. पण त्याले एक खोड होती.

इंजिन किती हवा ओढून राह्यलं, हे एक सेन्सर बारीक नळीतून पाहते. तो कंप्युटरले सांगते, कंप्युटर तेवढं पेट्रोल देते. पण हे रोटर हवा घोट घोट पिते. नळीतला दाब थरथरते, सेन्सर गोंधळते, पेट्रोल कधी जास्त, कधी कमी.
हे सारं त्यायनं सुनंदाले समजावलं. मी भिंतीआडून ऐकलं.

मंग त्यायनं वावरातल्या ठिबकचा एक ड्रिपर उपटला. कपाशीच्या बुडाशी थेंब थेंब पाणी सोडते, तो. नळीच्या मधात बसवला. एवढ्या बारीक वाटेनं दाब जाईन तर थरथर मरन.

मेली. इंजिन असं गुमान चाललं का म्हैस रवंथ करत राह्यली.

वाटलं, झालं.

पण ड्रिपरचं कामच मुळी सावकाश सोडणं. थ्रॉटल एकदम उघडला का हवा भसकन आत जाये, अन् नळीतून बातमी पोचे उशिरा. कंप्युटर आपलं जुन्याच हिशेबानं पेट्रोल देत राहे. इंजिन ठसका खाये. कधी बंदच पडे.

जमिनीवर ठसका म्हणजे हसू. वर?

इंजिन ठसकलं का सुनंदाचा पोळी लाटता हात थांबे.

विलासराव ड्रिपरचा छेद वाढवायले माही गोधडीची सुई तापवून नेत. छेद मोठा झाला का थरथर परत. मंग नवा ड्रिपर, पुन्हा सुई. त्यापायी आमची अर्धी ओळ कपाशी वाळली. म्हशीले तेही सांगितलं.

कापूस निघाला, वावर मोकळं केलं, गाव जमलं. विमानाची शेपटी दोरानं निंबाले बांधली अन् विलासराव आत बसले.

थ्रॉटल उघडला. साफ. टाळ्या.
पुन्हा उघडला. ठसका.
पुन्हा. साफ.

पोट्टे मोबाइल धरून उभे. कोणी म्हणे, आता कायले वाट पाहता, सोडा दोर. विलासरावांनी हात वर केला, सोडा म्हणून. सुनंदानं माह्याकडं पाहिलं.

माह्या डोक्यावरचा पदर खाली आला. मी उचलला नाही. सरळ त्यायच्यासमोर गेली.

"विलासराव, उतरा."

इंजिनाच्या आवाजात त्यायले काय ऐकू येणार. पण सासूचं तोंड आपल्याकडं हलताना पाहिलं अन् त्यायनं इंजिन बंद केलं.

"मामी, माह्याशी बोलल्या तुम्ही?"

"तुमच्याशीच. ठसका गेल्याशिवाय नाही."

ते उतरले. गाव मनापासून हसलं. पुढं कितीतरी महिने त्यायचं नाव 'सासूचा पायलट'. तेही हसत.
त्या दिवसापासून म्हशीची नोकरी गेली. आम्ही थेट बोलू लागलो, भांडू लागलो.

पुढच्या हंगामात बोंडअळी आली. फवारणीले मजूर मिळेना. विलासराव म्हणे, मीच उरकतो, मंग इंजिनाकडं पाहू.
वारा उलटा होता, औषध सारं अंगावर आलं. घरी आले ते उलट्या करत. डोळ्याले नीट दिसत नव्हतं. यवतमाळच्या दवाखान्यात नेलं.

परत आणलं तेव्हा दारात गाव उभं होतं. तेच गाव आता म्हणते, विमानानं नेला. कोणी म्हणते पेट्रोलची वाफ लागली, कोणी म्हणते पडला.

नाही पडले. त्यायचे पाय जमिनीवर होते. ज्या जमिनीवर मी त्यायले उतरवलं, तिच्यावरच.

मी उतरवलं ते बरोबर होतं. आजही उतरवीन.
पण हे कितीदा म्हटलं तरी जेवण गोड लागत नाही.

उद्या इंजिन न्यायले माणूस येणार आहे. म्हणून आज सकाळी सुनंदानं विमान शेडबाहेर काढलं. दोर बांधला, आत बसली, इंजिन गरम होऊ दिलं. त्यायच्यासोबत तिनं हे किती वेळा केलं होतं.

मंग थ्रॉटल एकदम ढकलला.

साफ.

पुन्हा ढकलला. साफ. थांबून पाहिलं, लागोपाठ पाहिलं, रागानं पाहिलं. ठसका नाही, थरथर नाही.

खाली उतरून तिनं नळी उघडली. आत नवा ड्रिपर. छेद त्यायच्याच हातचा. फवारणीच्या आधी कधीतरी बसवला असन.

सुनंदा म्हणे, "आई, यायनं कोणालेच सांगितलं नाही व."

विलासराव, काहून नाही सांगितलं? तेव्हा तर आपण बोलत होतो.
सांगितलं असतं तर दोर मी माह्या हातानं सोडला असता.

या आता. घरच्या साऱ्यांचा नमस्कार घ्या.