कोंडूला परत मागायला गेले तेव्हा...

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आयुष्यभर हसत आले. शाळेत शास्त्र शिकवते. अमावास्येला नारळ ओवाळून टाकणाऱ्या शेजारणीला मी विचारलं होतं, "अहो, त्यापेक्षा चटणी वाटली असतीत तर?" तेव्हा वाचकांपैकी कुणी मला हसलं तर माझी तक्रार नाही. फक्त शेवटपर्यंत वाचा.

सन पन्नासच्या आसपासची गोष्ट. तेव्हा आम्ही मुरुडला होतो, हे पोस्टात होते. माझी आधीची दोन मुलं जन्मून आठवड्याभरात गेली होती. तिसरा सातव्या महिन्यातच झाला. इवलासा... कातडीतून शिरा दिसायच्या. तिथल्या छोट्या दवाखान्यात काचेची पेटी वगैरे कुठली असणार! रिबकाबाई नावाच्या नर्स होत्या, तिथल्याच बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू. त्यांनी बाळ कापसात गुंडाळून टोपलीत ठेवलं, बाजूने गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या आणि रात्रंदिवस त्या बदलत राहिल्या. मी तापाने बेशुद्ध होते.

सासूबाईंनी मात्र आपला इलाज केला. मूल जगत नसेल तर ते दुसऱ्या बाईला देऊन टाकायचं, म्हणजे मृत्यूला वाटतं की हे त्या घरचं नाहीच. त्यांनी बाळाला सुपात घालून रिबकाबाईंच्या ओटीत दिलं आणि बदल्यात मूठभर कोंडा घेतला. तो कोंडासुद्धा सासूबाईंनीच पदराला बांधून नेला होता! म्हणून तो कोंडू. पुढे मूल धडधाकट झालं की त्या बाईची ओटी भरून त्याला परत मागून घ्यायचं, अशी रीत.

मूल जगलं. आमची रोह्याला बदली झाली, आणि परत मागायचं राहून गेलं. सासूबाई दर वर्षी आठवण करायच्या, मी दर वर्षी हसायचे.

कोंडू सहाव्या वर्षात आला आणि ते सुरू झालं. भर दुपारी जेवता जेवता तो थांबायचा आणि डावा हात बाजूला धरायचा... कुणीतरी बोट धरलंय तसा. त्या वेळी तो हात गार पडायचा. घामाने नाही, वरपासून खालपर्यंत नुसता गार. पोर वाळत चाललं. डॉक्टरांनी टॉनिक दिलं, जंत म्हणाले, पुन्हा टॉनिक दिलं. एकदा मी त्याला विचारलं, कोण रे आहे तिकडे? तो म्हणाला, "ती. चल म्हणते."

मी घाबरले. सरळ सांगते, शास्त्रबिस्त्र सगळं त्या दिवशी गुंडाळून ठेवलं. दोन गेली होती, हा तिसरा मला द्यायचा नव्हता. खण-नारळ घेतला, कोंडूला घेतलं आणि एसटीने मुरुड गाठलं.

रिबकाबाई अजून त्याच दवाखान्यात होत्या. केस पिकले होते. कोंडूला बघून त्यांचे डोळे भरले. टोपलीतला कापूस, ड्रॉपरने पाजलेलं पाणी, सगळं त्यांना आठवत होतं. किती वेळ त्या त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. मलाही भरून आलं. मग मी ओटी पुढे केली आणि म्हटलं, आता माझा मुलगा मला परत द्या.

त्यांचा हात थांबला.

"बाय, माझ्याकडे न्हाय तो," त्या हळूच म्हणाल्या. "मी त्याला पुढे दिला."

मग त्यांनी सांगितलं. मला दूध नव्हतं. बाहेरचं दूध बाळाला पचेना. शेजारच्या खाटेवर पारू नावाची कोळीण होती, तिचं मूल मेलेलंच जन्मलं होतं. रिबकाबाईंनी तिला पाजायला सांगितलं, तर ती म्हणाली, दुसरीचं पोर नाही पाजणार, माझं करून द्या, मग पाजते. वेळ कुठे होता? त्यांनी बाळ तिच्या ओटीत घातलं, "घे, तुझा," म्हणाल्या. पारूने त्याला पाजलं. तिच्याच दुधावर तो तगला. आणि मग बाळंतज्वराने ती गेली... त्याच खाटेवर, त्याला कुशीत घेऊन. मी इतकी आजारी होते की हे मला कुणी सांगितलंच नाही.

म्हणजे परत मागायचं ते कुणाकडे?

मी मागे वळले तर कोंडू नव्हता. आम्ही वॉर्डात धावलो. दुपारची वेळ, ऊन खिडकीतून आत आलेलं, वॉर्डात एकही पेशंट नव्हता. कोपऱ्यातल्या खाटेवर तो कुशीवर निजला होता, गुडघे पोटाशी घेऊन. त्याला कुणी दाखवली ती खाट? रिबकाबाईंनी माझा दंड घट्ट धरला. तीच खाट होती.

आणि त्याच्या शेजारी गादी दबलेली होती. कुणी टेकून बसलं की दबते तेवढी. मी बघत असताना ती आणखी दबली.

मी त्याला उचलायला गेले. काटकुळं पोर ते, एका हाताने उचलायचे मी त्याला. पण तो हलेना. डावा हात त्या दबलेल्या बाजूला ताणलेला, ओठ निळे पडत चाललेले. मी ओटी खाटेवर ठेवली. म्हटलं, पारू, तू जगवलास, तुझे उपकार फिटायचे नाहीत, पण आता माझा मला दे. काही नाही. पुन्हा म्हटलं. त्याचा श्वास मला ऐकू येईना. मी ओरडत होते, रडत होते, काय बोलतेय याची शुद्ध नव्हती. भिंतीपलीकडच्या शेजारणीकडे वाटी पुढे करून आपण म्हणतो ना, तसंच तोंडातून निघून गेलं —

"अगं, उसना तरी दे!"

गादी सावकाश वर आली. कोंडू इतका एकदम सुटला की मी त्याला घेऊन पाठीवर पडले. तो रडला, खच्चून रडला, आणि त्याचा हात ऊन होता.

मी हसत होते बहुतेक. रिबकाबाई हसत नव्हत्या.

"उसना का गं म्हणालीस, बाय?" एवढंच त्या बोलल्या.

आज कोंडू मॅट्रिकला आहे. माझ्यापेक्षा उंच झालाय, कधी साधी सर्दी होत नाही त्याला. त्या खाटेवर काय होतं? गादीतला कापूस, पोराला आकडी येणं, माझी घाबरगुंडी... शास्त्राची बाई म्हणून सगळं मांडून पाहिलं, बसत नाही. रिबकाबाई पुढे मुलाकडे इस्रायलला गेल्या, त्यामुळे विचारायलाही कुणी उरलं नाही. कोंडूला यातलं काही सांगितलेलं नाही.

एक मात्र आहे. उसनं नेताना बाईमाणूस सांगतं, उद्या देते, बाजाराच्या दिवशी देते. मी काहीच सांगितलं नव्हतं. आणि तिनेही विचारलं नाही, कधी देशील म्हणून.