मथुरावहिनींचा गोग्रास

बहरीनमधल्या उम्म अल हस्सम वस्तीत नोकरदार मुलांचे डबे करणाऱ्या मथुरावहिनी गाईचा घास काढल्याशिवाय स्वतः जेवत नसत. कोकणात दाराशीच गाय होती. इथं चौथा मजला. सुरुवातीला तो घास कबुतरांना गेला आणि वहिनींना अन्न गोड लागेना. मग देवानंच धाडल्यासारखा गाववाला दाजी भेटला. बुदैयाकडे एका अरबाच्या गोठ्यावर तो कामाला. बाहेरून येणारा चारा महाग, म्हणून दाजी पिकअप घेऊन बेकऱ्यांतला शिळा खुबूस, म्हणजे अरबी रोटी, मंडईतला कोबीचा पाला, खजुराच्या बिया गोळा करत फिरे. वहिनींच्या भाजीच्या साली आणि वर गाईच्या घासाची ती एक पोळी त्यातच जाई.

"गुरां खातत ना?" वहिनी विचारीत.

"बरी खातत," दाजी म्हणे.

एका शुक्रवारी वहिनी हट्टानं गोठा पाहायला गेल्या. ठेवणीतली साडी, मुठीत कुंकवाची डबी, दुसऱ्या हातात सालींची पिशवी. थाट असा, जणू नांदीलाच उभ्या राहायच्या होत्या. उन्हात खुबूस वाळत पडला होता. बिया भरडायचं यंत्र घरघरत होतं. सावलीत धिप्पाड जनावरं, कानात पिवळे बिल्ले. वहिनी वाकून एकेकाच्या पोटाखाली पाहू लागल्या.

"दाजीनू, दुभती खंय असत?"

"वयनी, हे बैल."

"नांगराचे?"

"ह्या रेतीत नांगर कोण धरतलो?"

वहिनी हसल्या. ते हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं. भर प्रयोगात नटाचं पुढचं वाक्य हरवावं, तशा त्या उभ्या.

"कापूक?"

दाजीनं मान खाली घातली.

"आणि माका सांगूक नाय?"

"मगे तुमचो घास बंद झालो असतो."

इतकी वर्षं हात जोडून दिलेली पोळी कसायाच्या तराजूत वजन वाढवत होती.

तेवढ्यात एका बैलानं गजांतून मान काढली, त्यांच्या हातातली सालींची पिशवी ओढली आणि तो ती प्लास्टिकसकट चावायला लागला.

"मेल्या, पिशवी खातंस?"

वहिनींनी त्याच्या जबड्यात हात घालून ती बाहेर ओढली. मग साली ओंजळीत घेऊन त्याच्यापुढे धरल्या. खरखरीत जीभ तळव्यावरून फिरत होती आणि वहिनींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"फाल्यां येव मी?" दाजीनं उद्याच्या फेरीचं दबकत विचारलं.

"येवा. पण गोग्रास म्हणान नाय. भूक लागता म्हणान."

त्या दिवशी मात्र वहिनींच्या स्वतःच्या घशाखाली काही उतरलं नाही.