डावीकडची शेवटची खिडकी

पोस्टात त्यांना सगळे ठप्पेमास्तर म्हणत. चौतीस वर्षं हा माणूस तिकिटांवर शिक्के मारत होता, आणि मारायचा तोही असा, की टेबलावरचा चहा हिंदकळावा. शिक्का तिकिटाच्या मधोमध बसलाच पाहिजे, नाहीतर लोक तिकीट सोडवून पुन्हा चिकटवतात! नव्या पोस्टमनना ते दम भरत, "अर्धवट शिक्का दिसला की पेनानं सरळ आडवी काट मारायची. माझा असला तरी."

अशा माणसाला थोरल्या बहिणीनं पेचात टाकलं. जळालेलं ऑपेरा हाउस पुन्हा उभं राहिलं होतं आणि त्याचं टपाल तिकीट निघालं होतं. ताईनं तिथं तीस वर्षं गायक-गायिकांचे कपडे शिवले होते. आता तिचे पाय उचलत नव्हते, नवी इमारत बघायला जाणार कशी?

"मला ते तिकीट लावून पत्र टाक," ती म्हणाली. "वरच्या मजल्यावरची डावीकडची शेवटची खिडकी माझी. तिच्यावर शाई पडू देऊ नकोस, सांगून ठेवते."

"अगं, कोरं तिकीटच आणून देतो की!"

"नको. पोस्टानंच येऊ दे. माझ्या नावाचं पत्र येऊन युगं लोटली."

झालं! मास्तरांनी श्वास रोखला आणि जन्मात पहिल्यांदा शिक्का नुसता टेकवला, उजव्या कोपऱ्याला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते ताईपाशी बसून राहिले. पत्र घेऊन आला तो त्यांच्याच हाताखाली शिकलेला पोस्टमन.

"मास्तर, तुमच्या ऑफिसात कोण हो असला ढिसाळ शिक्का मारतं? मी काट मारली बघा, तुम्ही शिकवलीत तशी!"

निळी आडवी रेघ थेट त्या खिडकीवरून गेली होती. मास्तरांचा चेहरा पडला. "शाबास," ते कसेबसे म्हणाले. पोस्टमन खुशीत जिना उतरू लागला.

ताईनं चष्मा पुसून तिकीट डोळ्यांशी नेलं.

"ताई, चुकलं गं माझं."

"गप रे. या खिडकीत माझी कपडे वाळवायची दोरी असायची. दर्शनी बाजू आहे म्हणून मॅनेजर रोज ओरडायचा, आणि मी रोज बांधायची." तिनं रेघेवरून हलकेच बोट फिरवलं. डोळे भरून आले होते, पण ती हसत होती. "आता कशी माझी खिडकी दिसतेय! जा, त्या पोस्टमनला परत बोलाव, आणि चहा टाक."